उत्तर मराठीत नव्हतं

बाई,

आज तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही हयात होतात तेव्हा ते जमलं नाही, कारण तुमच्यासमोर उभं राहिलं की माझी वाक्यं आपोआप शहाण्यासारखी वागायची. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की तुमचं घर पाडून बांधलेली इमारतसुद्धा जुनी दिसायला लागलीय. तुम्ही ज्या वयात शाळेतून निवृत्त झालात, ते वय मीही मागे टाकलंय. तेव्हा बरोबरीनं बोलायला हरकत नसावी. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलं, त्यामुळे मुद्दा आधी आणि तपशील नंतर, ही सवय हाडात मुरलीय. मुद्दा असा की चौथीत असताना तुम्ही आमच्या घरी येऊन अम्माला जे सांगितलंत ते चूक होतं. तुम्ही माझं भलं करायला आला होतात, हे मला ठाऊक आहे. तरी चूक होतं. हे मनात फार दिवसांपासून होतं, पण म्हणायचं धाडस नव्हतं असं नाही, निमित्त नव्हतं. निमित्त गेल्या आठवड्यात आकड्यांच्या एका कोड्यानं दिलं.

तुम्हाला सांगायला हवं की आता फोनवर माणसांचे गट असतात. कुणी कुणाला पाहिलेलं नसतं, तरी रोज बोलतात. तसा आमचा एक कोडी सोडवणाऱ्यांचा गट आहे. नाशिकचे एक निवृत्त इंजिनिअर तो चालवतात, सगळे त्यांना काका म्हणतात. दर महिन्याला एका सभासदानं घरी तयार केलेलं कोडं टाकायचं आणि बाकीच्यांनी आठवड्याभरात ते फोडायचं. बहुतेक जण एखादी म्हण, घरातल्या कुणाची तरी ठेवणीतली ओळ, ओवीचा तुकडा असं काहीतरी आकड्यांत लपवतात. उत्तर मराठीत असावं असा नियम आहे. मी तिथे कशी पोचले हे विचारू नका. नोकरी संपली, आठवड्याचं एक सदर उरलं, आणि रोज संध्याकाळी छपाईला पान सोडायची घाई नाही म्हटल्यावर हाताला काहीतरी चाळा हवा होता. माझं सदर मराठी भाषेवर आहे, त्यामुळे गटात मला जरा मान आहे. कुणाचं ऱ्हस्व-दीर्घ अडलं की मला विचारतात. तुमची विद्यार्थिनी शोभते की नाही?

या महिन्यात कोडं टाकायची पाळी एका नव्या सभासद बाईंची होती. तिच्याबद्दल गटाला एवढंच माहीत होतं की ती मोहोळला औषधांच्या दुकानात काम करते. तिनं कुठलीही प्रस्तावना न करता तीन-तीन आकड्यांची एक ओळ टाकली. ४५५, ६४०, ६४५, अशी सुरुवात होती. शब्द कुठे संपतो, कुठे सुरू होतो, काही खूण नव्हती. खाली लिहिलं होतं, ‘सोपं आहे.’

आणि ते सोपं होतं. पहिल्याच संध्याकाळी मला कळलं की ही आपली वर्णमाला आहे, शाळेतल्या तक्त्यावर असते तशी ओळींत मांडलेली. पहिला आकडा ओळीचा, दुसरा ओळीतल्या अक्षराचा, तिसरा स्वराचा. ४५५ म्हणजे चौथी ओळ, त थ द ध न, त्यातलं पाचवं अक्षर न, आणि अ आ इ ई उ मधला पाचवा स्वर उ. झालं नु. जिथे शेवटी शून्य तिथे अक्षर अर्धं. ६४० म्हणजे अर्धा व, ६४५ म्हणजे वु. सगळे आकडे मांडले आणि हाती आलं ते हे: नुव्वुचेप्पुचेतुलुपनिकिचेवुलुनीकु.

गटातल्या आणखी पाच-सहा जणांनाही तेच मिळालं. मग सगळे थांबलो. ह्याला काही अर्थ नव्हता. काकांनी निर्णय दिला की हे पहिलं कुलूप आहे, आत दुसरं असणार. मग सुरू झाली खटपट. कुणी अक्षरं उलटी वाचली, कुणी एकाआड एक उचलली, कुणी प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवलं. कोल्हापूरच्या एकानं जाहीर केलं, ‘सापडलं! चेतु लुप निकि. चेतू आणि निकी अशी दोन पोरं आहेत, ती लपंडाव खेळतायत.’ त्यावर एकीनं विचारलं, ‘मग नुव्वु कोण?’ तो म्हणाला, ‘मांजर असंल की.’ दोन दिवस हसलो. तिसऱ्या दिवशी हसण्याचा सूर बदलला. एकानं लिहिलं, ‘ताई, तुमचंच मांजर फोनवर चाललं नाही ना?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘काहीतरी आकडे ठोकायचे आणि म्हणायचं सोपं आहे, हे बरंय.’ काकांनी तिला सरळ विचारलं की उत्तर खरंच आहे का. ती म्हणाली आहे. मग सांगून टाका, ते म्हणाले. तिनं लिहिलं, ‘सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हे उत्तरच नाही.’

हे वाक्य काकांना झोंबलं. शुक्रवारी त्यांनी सूचना लावली की रविवारी संध्याकाळपर्यंत कोडं सुटलं नाही तर ते बनावट धरलं जाईल आणि सभासदाला गटातून काढलं जाईल. आधी असं एकदा झालं होतं. कुणीतरी खरोखरच काहीतरी आकडे खरडून आठवडाभर सगळ्यांना फिरवलं होतं. त्यामुळे काकांचा राग मला समजत होता. पण ती बाई खोटं बोलत नव्हती, असं मला वाटत होतं. बातमीदारीत एवढं शिकले आहे की खोटं बोलणारा माणूस खुलासे देत बसतो. हिनं एका ओळीपलीकडे एक शब्द काढला नव्हता. उत्तर असेल आणि आम्हाला दिसत नसेल, तर एका माणसाला आम्ही लबाड ठरवून हाकलणार होतो, तेही आमच्या आंधळेपणापायी. म्हणून मी हट्टाला पेटले. शनिवार गेला, रविवारची सकाळ गेली. मी त्या ओळीकडे बघत होते, बाई, जसं तुम्ही शिकवलंत तसं: मान स्थिर, ओठ मिटलेले, फक्त डोळे चालताहेत.

आठवतंय ना? तिसरीच्या वर्गात तुम्ही बाकांमधून फिरत असता. सगळे वाचतायत. ज्याचे ओठ हलले त्याच्या डोक्यावर पट्टीचं टोक. ‘पुटपुटून वाचतो तो अडाणी,’ तुम्ही म्हणता. ‘शिकलेला माणूस डोळ्यांनी वाचतो.’ माझे ओठ सर्वांत जास्त हलत. कारण मी वाचत नसे, मी मनातल्या मनात तेलुगूत उलगडून घेत असे. गल्लीतल्या बऱ्याच मुली तेलुगू शाळेत जायच्या, पण वडिलांनी मला मराठी शाळेत घातलेलं. ते यंत्रमागावर होते. त्यांचा मुकादम मराठी, मालकाचा दिवाणजी मराठी, कोर्टकचेरी मराठी. पोरीला मराठी आलं पाहिजे, एवढं त्यांना कळत होतं. आणि एका दुपारी तुम्ही माझ्या बाकापाशी थांबता. गणिताचा तास आहे, मी बोटांवर मोजत बेरीज करते आहे. ‘काय पुटपुटतेस गं?’ मी बोटं मुठीत लपवते. ‘मोठ्यानं म्हण.’ मी मोजते, ‘ओकटि, रेंडु, मूडु.’ वर्ग फुटतो हसून. तुम्ही हसत नाही, हे मी कबूल करते. तुम्ही म्हणता, ‘पुटपुटायचंच असेल तर मराठीत पुटपुट.’ त्यानंतर मी ओठ मिटून वाचायला शिकले. इतकी चांगली शिकले की पुढे न्यूज डेस्कवर माझ्याइतकं भरभर कुणी वाचत नसे. मुद्रितं माझ्या डोळ्यांखालून पळायची.

तर तो रविवार. दुपारचे चार वाजून गेले असतील. मी चहा टाकला. अम्मा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. कंबर मोडल्यापासून ती माझ्याकडे असते. तिचे हात अजून स्वस्थ राहत नाहीत. जन्मभर विड्या वळल्या, आता लसूण तर लसूण, वाटाणे तर वाटाणे. मी ओट्यापाशी उभी, हातात फोन, आणि वैतागून, तुमची पट्टी विसरून, ती ओळ मोठ्यानं म्हणाले. अक्षर अक्षर लावत, जशी पहिलीतली पोरं लावतात. नु, व्वु, चे, प्पु.

माझ्या पाठीमागून अम्मा म्हणाली, ‘एम् चेप्पाले?’

काय सांगू?

मी वळले. ती माझ्याकडे बघत होती, लसणाची पाकळी बोटांत तशीच. तिला वाटलं होतं मी तिला विचारलं. नुव्वु चेप्पु. तू सांग. चेतुलु पनिकि, चेवुलु नीकु. हात कामाला, कान तुला. आठवडाभर माझ्या डोळ्यांनी ती ओळ शंभरदा वाचली होती आणि डोळे मराठी होते. कानांना एकदाच मिळाली.

मी उरलेली ओळ तिला म्हणून दाखवली. अम्मा खुदकन हसली. मराठीत म्हणाली, कारण माझ्याशी ती मराठीतच बोलते, ‘कोण म्हनलं हे? विड्या वळणारी हाय बघ कुणीतरी. आमी पोरांना असंच म्हणायचो की. सूप मांडीवर, हात चालू, आन पोरगं शाळेतनं येऊन बडबडतंय.’

‘मला म्हणायचीस?’

‘तुला म्हणायचो. आधी.’

आधी म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. मी ते तुम्हाला पुन्हा सांगणार आहे, कारण तुम्ही त्या दुपारी आमच्याकडे चहा पिऊन निघून गेलात आणि पुढचं तुम्ही पाहिलं नाही.

मी चौथीत आहे. शाळेतलं कुणी आमच्या गल्लीत कधी येत नाही. तुम्ही येता. पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. अम्मा घाईघाईनं मांडीवरचं सूप बाजूला सारते, पदराला हात पुसते. तंबाखूचा वास खोलीभर. तुम्ही पाटावर बसता, नाक मुरडत नाही. चहा घेता. मला अभिमान वाटतो. तुम्ही म्हणता, ‘पोरगी हुशार आहे. स्कॉलरशिपला बसवू. पण तिचं मराठी कच्चं राहतंय. तुम्ही घरात तिच्याशी तेलुगू बोलता. आजपासून मराठी बोला.’ अम्मा म्हणते, ‘मला नीट येत न्हाय की हो बाई.’ तुम्ही म्हणता, ‘जमेल तसं बोला. चुकलं तर ती सुधारेल तुम्हाला.’

बाई, ते शेवटचं वाक्य. ते तुम्ही सहज म्हणालात. आणि मी आज्ञाधारक होते, तुमची सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थिनी. त्याच संध्याकाळी अम्मा म्हणाली, ‘तो भाजी घे,’ आणि मी म्हणाले, ‘तो नाही, ती भाजी.’ दुसऱ्या दिवशी ‘ते पोरगा’, मी म्हणाले ‘तो पोरगा’. नऊ वर्षांची मी आईला शिकवत होते आणि अम्मा, जिनं दिवसाला कारखान्यानं ठरवून दिलेल्या विड्या एकही नापास न होता दिल्या, ती माझ्यासमोर नापास होत होती. मग तिनं बाईमाणसानं जे करावं ते केलं. बोलणं कमी केलं. ‘जेवलीस?’ ‘झोप आता.’ ‘पाऊस येतोय.’ जेवढ्या वाक्यांत चूक व्हायची शक्यता नाही तेवढी वाक्यं तिनं माझ्यासाठी ठेवली. शेजारणींशी ती ओट्यावर तासनतास बोलायची. मी आले की त्या बाया हळूच उठायच्या आणि अम्मा मराठी व्हायची. इतकी वर्षं मी समजत होते की माझी आई अबोल आहे.

हे तुम्हीच केलंत असं मी म्हणणार नाही, वडिलांनाही तेच हवं होतं. पण तो निरोप घेऊन पाटावर बसलात तुम्ही, आणि तुमचा शब्द आमच्या घरात वडिलांच्या शब्दापेक्षा मोठा होता.

त्या दिवशी पाचच्या सुमाराला मी गटावर उत्तर टाकलं. ओळ तोडून दाखवली, अर्थ लिहिला, आणि लिहिलं की ही तेलुगू आहे, सोलापूरच्या विणकरांच्या घरात बोलतात ती. मग कोल्हापूरकर म्हणाला, ‘म्हणजे आमचा चेतू गेला की ओ! निकीचं काय आता?’ हशा पिकला. मग काकांचा संदेश आला: ‘ताईंचं अभिनंदन. पण नियमाप्रमाणे उत्तर मराठीत हवं. कोडं बाद. सभासदानं नियम मोडल्याबद्दल कारवाई योग्यच.’ कुणीतरी लगेच जोडलं, ‘पुढच्या वेळी मी जपानीत टाकतो.’

मी लिहिलं, ‘जपानी तुमच्या घरात कोण बोलतं? आजी?’

अक्कलकोटच्या एकानं विचारलं, ‘मग आमचं कन्नड चालंल का?’ मी म्हटलं, चालेल. ‘मग मला पण बोलायचं हाय,’ तो म्हणाला. एकीनं लिहिलं की मराठीवर आधीच संकटं काय कमी आहेत. त्या बाईला मी ओळखते, चांगली बाई आहे. तिला उत्तर देईपर्यंत काकांचा फोनच आला.

‘ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही मराठीचं सदर लिहिता.’

‘म्हणून तर बोलतेय.’

‘गट मराठीचा आहे.’

‘गट कोड्यांचा आहे, काका. तिनं लिपी आपली वापरली. आकडे आपल्या वर्णमालेचे घातले. सगळ्यांनी घरातल्या ओळी टाकल्या, तिनंही तिच्या घरातली टाकली. आणखी काय करायला हवं होतं तिनं?’

‘निदान आधी सांगायचं, की भाषा वेगळी आहे.’

‘सांगितलं असतं तर तासाभरात फुटलं असतं. कोडं म्हणून ते इतकं चांगलं होतं की उत्तर आपल्या हातात होतं आणि आपण कचरा म्हणून फेकून दिलं.’

ते हसले. वाईट माणूस नाहीत ते. मग म्हणाले, ‘पण तुम्हाला तेलुगू कसं काय येतं?’

‘माझ्या घरची भाषा आहे.’

‘म्हणजे तुम्ही… कमाल आहे हो. तुमचं मराठी वाचून कुणाला शंकासुद्धा येणार नाही.’

बाई, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं आणि तुम्ही आमच्या कचेरीत आलात, माझा पहिला मोठा लेख कापून आणला होता. सगळ्यांसमोर माझ्या टेबलावर ठेवून म्हणालात, ‘लेख चांगला आहे. “शिवाय” तीनदा आलंय.’ अख्खं डेस्क हसलं, मीही हसले. मग तुम्ही संपादकांकडे वळून, डोळ्यांत पाणी आणून म्हणालात, ‘तेलुगू घरातली आहे, पण कुणी म्हणणार नाही.’ तेव्हा मी ते बक्षीस म्हणून घेतलं. पदकासारखं मिरवलं. तुम्हाला मी त्या वाक्याचा दोष देत नाही, त्यात तुमची सगळी वर्षं होती. तुमच्या घरचा पेपर वाचून झाला की दुसऱ्या दिवशी घडी घालून तुम्ही माझ्या दप्तरात ठेवत होतात, आमच्याकडे पेपर येत नसे म्हणून. त्या घडीतून माझी रोजीरोटी निघाली. मी विसरलेले नाही. पण ‘कुणी म्हणणार नाही’ हे ज्या घराबद्दल म्हटलं जातं ते घर काय करतं मग, सांगा? ते मागच्या खोलीत सूप बाजूला सारून बसून राहतं.

काकांना मी म्हटलं, ‘शंका येऊ नये म्हणून मी शिकले नव्हते, काका. माझ्या बाईंनी शिकवलं म्हणून शिकले. आता शंका येऊ दे. आणि त्या बाईंना काढणार असाल तर मलाही काढा. मी रागानं नाही बोलत, हिशेब साधा आहे. तिनं जी चूक केली तीच मीही करून बसलेय. फक्त ती माझ्याकडून जन्मतःच झाली.’

ते म्हणाले विचार करतो. संध्याकाळी त्यांनी लिहिलं की कोडं खरं होतं, सभासद राहतील, पण नियमामुळे गुण देता येणार नाहीत. मी लिहिलं की मग ह्या कोड्याचे माझे गुणही नकोत, आणि पुढच्या वेळी माझी पाळी आहे, माझं उत्तर कुठल्या भाषेत असेल ते मी आधी सांगणार नाही. कुणी पसंतीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं, कुणी नाही. अक्कलकोटवाल्यानं कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं, ते कुणालाच कळलं नाही, आणि त्याला कुणी मांजर म्हणालं नाही.

मोहोळच्या बाईंनी मला वेगळं लिहिलं. त्यांचं माहेर सोलापूरचं, आमच्याच पूर्व भागातलं. ती ओळ त्यांच्या आजीची. आजी गेल्या वर्षी गेली. ‘कुणी ओळखेल असं वाटलं नव्हतं, ताई. टाकून बघितलं.’ मी विचारलं, सांगितलं तर हे उत्तरच नाही म्हणाल, असं का लिहिलंत? त्या म्हणाल्या, ‘शाळेपासून सवय आहे हो.’ म्हणजे त्यांनाही कुणी बाई होत्या.

आता त्याच दिवसाची पुढची गोष्ट सांगते. रविवारी फोन ठेवल्यावर मी खुर्ची ओढून अम्मासमोर बसले आणि लसूण सोलायला घेतला. म्हणाले, ‘नुव्वु चेप्पु.’ उच्चार चुकला असणार, कारण तिनं भुवया उंचावल्या. पण तिनं सुधारलं नाही. बघितलंत, तिनं सुधारलं नाही. मग ती बोलायला लागली आणि थांबेना. अर्धं मला कळत नव्हतं. मी मराठीत विचारायचे, ती तेलुगूतच पुढे जायची, माझ्यासाठी थांबायची नाही. विड्या तपासणारा कारखान्यातला माणूस कसा नाक फेंदारून विडी कानापाशी नेऊन वाजवायचा, त्याची तिनं नक्कल केली. शेजारच्या म्हातारीची केली. वडिलांची केली, त्यात मी हसून हसून खाली बसले. बाई, माझी आई विनोदी आहे. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर जगले आणि हे मला माहीत नव्हतं. मराठीत तिनं माझ्याशी कधी एक विनोद केला नव्हता. मराठीत ती फक्त काळजी करायची.

मग तिनं तुमची नक्कल केली. पाठ ताठ, मांडीवर पिशवी, मान किंचित डावीकडे. ‘जमेल तसं बोला,’ अगदी तुमच्या आवाजात. मी हसले नाही. अम्मानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘राग हाय व्हय बाईवर?’

‘आहे.’

‘कशाला? चांगली बाई होती. चहा पेली आपल्यात. पेपर द्यायची.’

‘तुझं बोलणं बंद केलं तिनं.’

‘मी बंद केलं,’ अम्मा म्हणाली. ‘तुला मोठं करायचं होतं की. ती सांगितली, मी केलं. उगीच मेलेल्या बाईला भांडू नको.’

तिनं तुम्हाला माफ केलंय, किंवा माफ करण्यासारखं काही तिला कधी दिसलंच नाही. तो तिचा मोठेपणा. माझा तेवढा नाही, आणि मला तो नकोही आहे. तिनं स्वतःहून बंद केलं असं ती म्हणते तेव्हा मला जास्तच राग येतो, कारण तिला तो निर्णय आपला वाटावा इतक्या सभ्यपणे तुम्ही तो घेतला होतात. तुमच्यामुळे मला मराठी मिळालं, ह्यात वाद नाही. दोन्ही मिळालं असतं, बाई. एवढंच म्हणणं आहे माझं. दोन भाषा एका तोंडात मावतात, अम्माच्या तोंडात आजही मावतात. तुम्ही हुशार होतात, अनुभवी होतात, आणि हे तुम्हाला कळायला हवं होतं. मी हे मागे घेणार नाही, अम्मानं कितीही सांगितलं तरी.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न नाही. पण एक सांगून टाकते. सुरुवात मी तेलुगूत केली होती, नागरी अक्षरांत. तुम्हाला एक ओळ कळू नये, एवढीच इच्छा होती. तीन ओळींनंतर शब्द संपले. पुढचे अम्माला विचारावे लागणार होते, आणि तुमच्याशी भांडण्यासाठी तिची मदत घेणं मला बरं वाटेना. ती तर तुमच्या बाजूची. म्हणून मराठीत लिहिलं.